ठोक्याआधीचा जवाब

एकोणीसशे सत्त्याऐंशी साल. मी एक्कावन्न वर्षांचा होतो, आणि त्या सालची ऊसतोड संपत आली होती.

एवढं लिहीपर्यंत चहा निवला. माझं लिहिणं असंच आहे. आमच्या ब्रीझे वेर्दिएरच्या बैठकेत, म्हणजे गावच्या संध्याकाळच्या शाळेत, कंदिलाखाली जी अक्षरं गिरवली तेवढीच माझी इस्टेट. पुढं हात शेताला लागले आणि अक्षरं तिथंच राहिली. पण जेवढी आहेत तेवढी माझी आहेत, कुणाकडून उसनी आणलेली नाहीत. ज्याला वाचायचंय त्यानं सावकाश वाचावं. मला आता घाई सोसत नाही.

नोव्हेंबर लागला की रस्त्याच्या कडेचे गुलमोहर पेटतात. लिचीच्या झाडांवर लोक जाळी टाकतात आणि वटवाघळांशी भांडण सुरू होतं. शेतं कापून उघडी पडलेली असतात, मधेमधे काळ्या दगडांचे ढीग, आमच्या आज्या-पणज्यांनी वेचून रचलेले. कारखान्याकडून काकवीचा वास येतो. कारखाना बंद होऊन वर्षं झाली, तरी नोव्हेंबरात मला तो वास येतोच; नाकाला कुणी सांगितलेलं नाही. आणि ह्याच दिवसांत पोरांच्या परीक्षा असतात. आमच्या ह्या बेटावर ऊस आणि परीक्षा एकाच वेळी कापायला येतात.

परवा माझी नात मीरा टेबलाशी बसून कॉम्प्युटरवर परीक्षा देत होती. खरी नव्हे, सरावाची. मी बाजूला सुजलेले पाय स्टुलावर घेऊन बसलो होतो. ती प्रश्न वाचायची, ओठ हलायचे, मग हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत राहायची. मग कधीतरी बटण दाबायची.

"येत नाही काय गं?" मी विचारलं.

"येतं, आजा."

"मग दाबत का नाहीस?"

"लवकर दाबलं तर कॉम्प्युटरला वाटतं मी न वाचताच मारलं. आमची टीचर बोलली, आलं तरी जरा बसून राहा."

मीरा अर्धं क्रेओलमध्ये, म्हणजे बेटावरच्या बोलीत बोलते, अर्धं आमच्या भाषेत, आणि मधली शिवण कुठं आहे ते तिला स्वतःलाही ठाऊक नसतं. मला सगळं कळतं. माझी बोटं गुडघ्यावर आपोआप चालायला लागली होती, ती दुसऱ्या हातानं धरून ठेवली. यंत्र पोरांवर नजर ठेवायला शिकलं, आता पोरं यंत्राला दाखवायला खिडकीबाहेर बघायला शिकली. हे कुठवर चालणार ते बघायला मी नसेन, आणि खरं सांगायचं तर मला बघायचंही नाही. थकलो.

पण बोटांचं सांगायला पाहिजे.

तरुणपणी मी झाकरीत गायचो. तिकडं तुमच्या मुलखात काय म्हणतात मला ठाऊक नाही. आमच्या आज्यांनी बोटीतून काय आणलं असेल नसेल, झाकरी तेवढी आणली. गणपतीच्या दिवसांत पोरं रिंगण धरून नाचायची, पायात घुंगरू, मधे ढोलकीवाला आणि गाणारा. गाणाराही मी आणि ढोलकीही माझीच. समोर दुसऱ्या गावचा संघ. त्यांनी गाण्यात सवाल टाकायचा, आम्ही गाण्यात जवाब द्यायचा. कुणाच्या रथाला घोडे किती, कुणाच्या बाणाचं नाव काय, असले सवाल. ढोलकी फिरून परत पहिल्या ठोक्यावर यायच्या आत जवाब आला पाहिजे. नाही आला की समोरचे लोक पाय आपटून हसायचे, आणि ते हसणं पुढच्या गणपतीपर्यंत बसमध्ये, दुकानात, शेतात तुमच्या मागं फिरायचं. पांपलमूसच्या संघाला मी दोनदा रडवलंय. त्यात माझ्या बायकोचा भाऊ होता. रुखमानं तरीही माझ्याशी लग्न केलं. का केलं ते तिनं कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

येत नसेल तर काय करायचं? गप्प राहायचं नाही, एवढंच. जागा भरायला टाकलेल्या ओळीला आम्ही भरती म्हणायचो. काहीतरी ओळ टाकायची, जोरात, छाती काढून, पण ठोक्यावर. चुकीचं गायलं तर अर्ध्या लोकांना कळायचंच नाही. थांबलो तर सगळ्यात शेवटी नाचणाऱ्या पोरालाही कळायचं. माझ्या अंगात हे इतकं बसलं की थांबणारा माणूस दिसला की मला वाटायचं, ह्याला येत नाही. दुकानात सुटे पैसे मोजताना थांबला, येत नाही. लग्नाचं विचारल्यावर मुलीचा बाप थांबला, काहीतरी लपवतोय. मी स्वतः कधी थांबलो नाही. पुष्कळदा चुकलो, पण थांबलो नाही.

सुशीला माझी एकुलती एक पोर. ती बोलायला लागली तशी मी तिला ढोलकीवर घेतली. संध्याकाळी उसाची काजळी धुऊन आलो की मी पायरीवर बसायचो, ती समोर उलट्या पेटीवर. सात सक? ठोक्याला बेचाळीस. आठ साते? ठोक्याला छप्पन्न. चुकली की परत पहिल्यापासून. थांबली की ढोलकी खाली ठेवून मी तिच्याकडं नुसता बघायचो. तेवढं पुरायचं. शेजारचे लोक कुंपणाशी येऊन ऐकायचे. म्हणायचे, ह्याच्या पोरीच्या तोंडात जवाब तयारच असतो. मला त्या वेळी जे वाटायचं ते मी लिहीत नाही, दृष्ट लागते.

पाढे मला येत होते तोवर ठीक होतं. पुढं ती मोठ्या शाळेत गेली. इंग्रजी, फ्रेंच, देशांच्या राजधान्या, कसली कसली रसायनं. मग सवाल तीच पुस्तकातून वाचायची आणि जवाब तीच द्यायची. माझी फक्त ढोलकी. ती काही म्हणायची, ठोक्यावर यायचं, मी मान डोलवायचो. किती छान वाटायचं ते. पावसात पत्र्याखाली बसून, वनिलाच्या चहाचा वास, आणि पोर कुठल्या कुठल्या देशांची नावं घेतेय माझ्या बोटांवर.

ती शाळेची शेवटची परीक्षा पास झाली आणि घरी बसली. त्या वर्षांत सगळ्या पोरी स्वेटर विणायच्या कारखान्यांत जात होत्या. सुशीलाही गेली, पण लोकरीच्या तुसांनी तिची छाती भरायची. रात्री बसून श्वास घ्यायची. दोन पावसाळे तिनं असेच काढले, मग डॉक्टर म्हणाला, हिला तिथून काढा. दुसरं काम म्हणजे माझ्यासारखं ऊस. तिला मी शेतात उतरवणार नव्हतो, हे मी तिच्या जन्माच्या दिवशीच रुखमाला सांगितलं होतं.

तेवढ्यात सें पिएरला एका दुकानाच्या माडीवर नवीन ऑफिस उघडलं. परदेशातून कागद यायचे, ते पोरींनी ओर्दिनातेरात टाइप करायचे. आम्ही तेव्हा कॉम्प्युटरला ओर्दिनातेर म्हणायचो, फ्रेंचमधलं. खोली थंड, काम बसून, लोकरीचा केस नाही. पोरी घेण्याआधी परीक्षा होती, तीही त्याच यंत्रावर. प्रश्न काचेवर यायचा, खाली चार उत्तरं, एक बटण दाबायचं. सुशीला परीक्षा देऊन आली तेव्हा हसत होती. म्हणाली, सगळ्यांच्या आधी माझं संपलं. मी शेजाऱ्यांना हाका मारून सांगितलं.

निकाल ऐकायला गेली आणि परत आली ती थेट मोरीवर जाऊन भांडी घासायला बसली.

"काय झालं?"

"नाही घेतलं."

"का?"

तिनं टोप घासता घासता सांगितलं, "ते म्हणतात, मी प्रश्न वाचलेच नाहीत. मशीन वेळ मोजते. माझी शेवटची उत्तरं फार लवकर आली, म्हणून ती मोजलीच नाहीत. अंदाजानं मारली म्हणतात."

रुखमा चुलीशी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, कारण तिला ठाऊक होतं आता काय होणार. मी उठून उभा राहिलो होतो. माझी पोर अंदाजानं मारते? ठोक्याआधी जवाब देणं हा आमच्याकडं मान होता, आणि सें पिएरची एक पेटी त्याला चोरी म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी मी शेताला गेलो नाही. देवळात जायचा पांढरा सदरा घातला, सुशीलाला म्हटलं चल. फ्लाकला बस बदलली. खिडकीतून कापलेली शेतं जात होती, लॉऱ्यांतून पडलेले उसाचे तुकडे रस्त्यावर चिरडले होते, आणि मी मनात भाषण तयार करत होतो. सुशीला बाहेर बघत होती. मला वाटलं, माझ्यासारखाच राग आलाय तिला.

माडीवर गेलो. खोली खरंच थंड होती, दवाखान्यासारखी. परीक्षा घेणारा प्रकाश नावाचा तरुण माणूस, टाय बांधलेला, कात्र बोर्नचा. आडनाव ऐकलं आणि कळलं, आपल्यातलाच. मी त्याच्याशी आमच्या भाषेत बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि क्रेओलमध्ये उत्तर दिलं. शहरातल्यांचं असंच असतं, कानात मराठी असते, जिभेवर नसते.

"बसा, तोंतों," तो म्हणाला. वडीलधाऱ्याला आमच्याकडं असंच म्हणतात, काका म्हटल्यासारखं. "मी तुमच्या मुलीला लबाड म्हटलं नाही."

"अंदाजानं मारलं म्हणजे दुसरं काय?"

"प्रश्न वाचायलाच जेवढा वेळ लागतो, त्याच्या आत उत्तर आलं. मी स्वतः वाचलं तरी मला तेवढ्यात जमणार नाही. तिचे पहिले प्रश्न छान आहेत. शेवटच्या प्रश्नांवरून तिला येतं की येत नाही, हे मला कळतच नाही. म्हणून ते बाजूला ठेवले. मग उरतं ते पुरत नाही."

"तिला वाचायला वेळ लागत नाही. मी शिकवलंय तिला."

"तुम्ही काय शिकवलंत, तोंतों?"

मी ढोलकीचं सांगितलं. रथाचे घोडे, पहिला ठोका, सगळं. मागं बाकावर बसलेल्या दोन-तीन पोरी ऐकत होत्या. प्रकाश हसला नाही, हे त्याच्या बाजूनं लिहून ठेवतो. तो म्हणाला, त्याच्या आईचे वडीलही झाकरीत होते. मग म्हणाला, "या, तुम्हीच बसून बघा."

मी काही मागं हटणार नव्हतो. बसलो. काळी काच, तिच्यावर हिरवी अक्षरं. इंग्रजी. काही अक्षरं ओळखीची होती, शब्द एकही नाही. काचेत माझीच मान दिसत होती, खाली पांढरा सदरा, आणि माझ्या तोंडावरून ती हिरवी अक्षरं मुंग्यांसारखी चाललेली. एवढा म्हातारा मी कधी झालो, असं मनात आलं. मग आमची बकरी आठवली. ती त्या दिवसांत व्यायला टेकली होती आणि मी तिला सोडून इथं आलो होतो. मग म्हटलं, एक बटण दाबायला पाहिजे. दाबलं. दुसरा प्रश्न आला. परत बकरी. असे बरेच प्रश्न झाले. मागच्या पोरी कंटाळल्या असतील.

प्रकाशनं काहीतरी दाबून बघितलं.

"बरोबर किती?" मी विचारलं.

"बरोबरचं राहू द्या, तोंतों. पण तुमच्यावर अंदाजाची खूण एकही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही प्रत्येक प्रश्नावर नीट विचार केला, असं ह्यानं धरलंय."

"मी बकरीचा विचार करत होतो."

मागच्या पोरी फिस्सकन हसल्या. प्रकाशही आता हसला, आणि टाय सैल केला. म्हणाला, "घाईचा अंदाज हे पकडतं. सावकाश मारलेल्या अंदाजावर अजून औषध निघालेलं नाही."

मला आणखी काय पाहिजे होतं? मी खोलीभर बघितलं. म्हटलं, "ऐकलंत ना? ज्याला एक शब्द येत नाही तो ह्याच्या लेखी शहाणा. जिला सगळं येतं ती चोर."

"उद्या सकाळी शेवटचा गट बसतोय," प्रकाश म्हणाला. आता तो मराठीत बोलला, मोडकी, पण बोलला. "तिला आणा. परत बसवतो. फक्त वाचून दाब, एवढं सांगा तिला."

सुशीला भिंतीशी उभी होती. तिनं तोंड उघडलेलं मला दिसलं. मी तिच्याकडं वळलो नाही.

"माझी पोर एकच परीक्षा दोनदा देत नाही," मी म्हणालो. "दिलेला जवाब दिला." आणि ठोक्यावर जिना उतरलो.

जिंकल्यासारखं वाटत होतं. खाली कोपऱ्यावर एकजण मिरचीची भजी तळत होता. कागदात बांधून घेतली, सुशीलापुढं धरली. तिनं घेतली नाहीत. बसमध्ये मी खिडकीशी बसून ती सगळी खाल्ली आणि बकरीचं दोनदा सांगितलं. मोकाचे डोंगर मागं पडले, त्यांच्यावर ढग उतरला होता, आणि कुठल्यातरी वळणावर ती म्हणाली, "बाबा, मी नाही वाचले."

"काय?"

"शेवटचे प्रश्न. मी नाही वाचले. खरंच नुसतं दाबत गेले."

मी म्हणालो, "का?" हे विचारायला मला थोडा वेळ लागला असेल.

"एक प्रश्न अडला. येत होतं, पण आठवत नव्हतं. थांबले. आणि थांबले की मला तुमची ढोलकी ऐकू येते. मग मी काहीतरी दाबलं. पुढचा प्रश्न आला तर ढोलकी चालूच होती. मग दाबतच गेले."

"घरी तर तू कधी चुकली नाहीस."

तेव्हा ती माझ्याकडं वळली. रागावली नव्हती. रागावली असती तर मला बरं पडलं असतं, रागाला काय करायचं ते मला येतं. ती थकली होती. वीस वर्षांच्या पोरीच्या तोंडावर तसला थकवा मी आधी बघितला नव्हता, ऊस तोडणाऱ्या बायांच्या तोंडावर बघितला होता.

"तुम्हाला काय कळत होतं, बाबा?" ती म्हणाली. "मला येत नसलं की मी कुठल्याही गावाचं नाव घ्यायची. तुम्ही मान डोलवायचात."

बस चालत होती. कंडक्टर मधून सरकत गेला. माझ्या हातातला भज्यांचा कागद तेलानं पारदर्शक झाला होता, आणि त्यातून मला माझी बोटं दिसत होती.

ह्याच्यावर मी पुढं पुष्कळ विचार केला आहे. शेतात, आजारपणात, आता ह्या खुर्चीत. झाकरीत समोरच्या गाणाऱ्यानं भरती टाकली की मला पटकन कळायची. आवाज थोडा मोठा व्हायचा, श्वास चुकीच्या जागी घेतलेला असायचा. पांपलमूसवाल्यांना मी त्यावरच पकडलं. आणि घरात, हाताच्या अंतरावर बसलेल्या पोरीची भरती मला वर्षानुवर्षं कळली नाही, कारण तिथं मी ऐकतच नव्हतो, मी मोजत होतो. सें पिएरच्या त्या पेटीला तिचा वेळ तेवढा दिसत होता, आणि मलाही वेळच दिसत होता. पेटी म्हणायची फार लवकर, मी म्हणायचो शाब्बास. आतली पोर दोघांनाही दिसली नाही. पेटीनं निदान मला कळत नाही असं सांगितलं. मी तेवढंही सांगितलं नव्हतं.

पण ढोलकी वाईट होती असं मी म्हणणार नाही. कुणी माझ्या तोंडून ते काढू शकत नाही. पाढे तिला ढोलकीनंच आले, आणि ते अजून आहेत. मीराला ते येत नाहीत. मीरा यंत्राला विचारते.

त्या संध्याकाळी रुखमाला मी ऑफिसातलं सगळं सांगितलं, बकरीसकट. बसमधलं सांगितलं नाही. ते सुशीलानं आधीच सांगितलं असावं, कारण रुखमा भात वाढता वाढता म्हणाली, "म्हणजे ओर्दिनातेर हरला आणि तुम्ही जिंकलात."

"हो."

"मग उद्यापासून तुम्हीच जा कामाला. थंड खोली आहे म्हणतात. बकरी मी बघेन."

"मी त्या माणसाला शब्द दिला. परत येणार नाही म्हणून."

"शब्द तुम्ही दिला. तिनं दिला काय?" तिनं माझ्या ताटात रस्सा घातला, नेहमीपेक्षा जास्त. "पांपलमूसला आम्ही थांबून विचारतो आधी. म्हणूनच हरलो असू."

सुशीला आतल्या खोलीत होती. दार लोटलेलं होतं, आणि दारामागून तिचा तो श्वास ऐकू येत होता, लोकरीच्या दिवसांतला, शिट्टी वाजवणारा. कारखाना सोडून इतके महिने झाले तरी मन खचलं की तो परत यायचा. मी जेवलो नाही फारसं. ढोलकी खुंटीला होती. तिच्याकडं बघितलं आणि बघणं सोडून दिलं.

त्या ऑफिसात सुशीला चार-पाच वर्षं होती. मग परदेशातले कागद यायचे बंद झाले, यंत्रं खोक्यांत भरून कुठं गेली कुणाला ठाऊक, माडीवर आता चपलांचं दुकान आहे. ती दुसरीकडं लागली, लग्न झालं, मीरा झाली. छातीचं दुखणं गेलं. प्रकाश तिच्या लग्नात आला होता, त्यानं मला वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "बकरीला काय झालं, तोंतों?" दोन करडं झाली होती, ते मी सांगितलं. ढोलकीचं चामडं कुठल्याशा वादळात भिजून फाटलं. परत मढवून आणली नाही. बोटं अजून चालतात, पण त्यांच्याखाली आता नुसता गुडघा असतो, आणि तोही दुखरा.

एवढं सगळं झालं ते पुढं. नोव्हेंबर परत येतो तेव्हा मला ते आठवत नाही. मला ती एक सकाळ आठवते.

त्या सकाळी मी शेताला जायच्या वेळेलाच उठलो. तोच पांढरा सदरा घातला, कालच्या भज्यांचा तेलाचा डाग त्याच्यावर तसाच होता. सुशीला अंगणात तोंड धूत होती. मी म्हटलं, चल. तिनं का, कुठं, काही विचारलं नाही. केस बांधले, कालचाच झगा घातला, निघाली. बापानं चल म्हटलं की निघायचं, हेही मीच शिकवलेलं.

थांब्यावर आम्ही दोघंच. गुलमोहराच्या पाकळ्या रात्रीच्या पावसानं रस्त्याला चिकटल्या होत्या. तिथं उभं असताना मला कळलं की काल मी तिला न विचारता नको म्हणालो होतो, आणि आज तिला न विचारता घेऊन चाललो होतो.

"सुशी," मी म्हटलं, "तुला ती परीक्षा द्यायची आहे काय?"

ती खाली पाकळ्यांकडं बघत राहिली. माझी बोटं हलायला लागली, ती मी खिशात घातली. वळणावर बसचा आवाज आला. बस दिसली, जवळ आली, थांबली. कंडक्टर दारात लोंबकळत होता. तिनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं, परत खाली घातली. ओठ हलत होते.

"देगाझे, तोंतों," कंडक्टर म्हणाला. "लवकर चढा, उशीर होतोय."

मी एक पाय पायरीवर ठेवला, दुसरा रस्त्यावर, आणि दांडी घट्ट धरली.

"थांब जरा," मी त्याला म्हणालो. "पोर विचार करतेय."